ग्रीस ट्रॅप: मोरीतलं तेल अडतं कुठे, आणि ती पेटी वेळेवर का उपसायची

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला एखाद्या चालत्या मिसळीच्या हॉटेलच्या मागच्या बाजूला जाऊन बघा. पुढे बाकांवर जागा नसते आणि मागे मोरीवर वाट्या-ताटल्यांचा ढीग साचलेला असतो. प्रत्येक वाटीच्या कडेला तर्रीचं लाल कडं, तळाशी मटकीचे चार दाणे, भिजलेली शेव, कांद्याचे तुकडे. भांडी घासणाऱ्या मावशी नळ सोडतात, घासणी फिरवतात आणि तो सगळा ऐवज साबणाच्या फेसाबरोबर जाळीतून खाली जातो.

किती जातो, याचा अंदाज बांधणं अवघड नाही. समजा दिवसाला ३०० ताटल्या घासल्या गेल्या आणि एकेका ताटलीला फक्त ३ ग्रॅम तेल चिकटून राहिलं. दिवसाचे झाले ९०० ग्रॅम, महिन्याचे २७ किलो. बाजारात तेलाचा डबा १५ किलोचा मिळतो. म्हणजे दर महिन्याला जवळपास दोन डबे तेल नुसतं भांडी घासताना मोरीतून वाहून जातं. यात कढया, पातेली, तवे धरलेलेच नाहीत.

हे तेल गटारात पोचू नये म्हणून मोरी आणि ड्रेनेजचं चेंबर यांच्या मधोमध एक पेटी बसवतात. तोच ग्रीस ट्रॅप. हॉटेलं, खानावळी, मंगल कार्यालयं, वसतिगृहांची मेस, कंपन्यांची कँटीन, फरसाणाचे कारखाने, सगळीकडे तो असायला हवा, आणि बऱ्याच ठिकाणी असतोही. पण बसवून झाल्यावर त्याच्याकडे कुणी बघत नाही. पेटी आहे म्हणजे तेलाचा बंदोबस्त झाला, असं गृहीत धरलं जातं. सगळा घोटाळा इथे आहे. ग्रीस ट्रॅप तेल अडवून साठवतो, एवढंच त्याचं काम. साठलेलं बाहेर काढण्याचं काम माणसांचं आहे, आणि ते झालं नाही तर पेटी असून नसल्यासारखीच.

पेटीच्या आत

लहान पेट्या स्टीलच्या किंवा फायबरच्या असतात आणि बेसिनखाली मावतात. मोठ्या विटांत किंवा काँक्रीटमध्ये बांधतात, बहुतेक वेळा इमारतीच्या मागच्या गल्लीत जमिनीखाली, वर जड झाकण. आकार काहीही असो, आतली रचना तीच. पाणी आत येतं तिथे एक जाळीचं भांडं असतं. खरकटं, म्हणजे भात, भाजीचे देठ, लिंबाच्या फोडी, तिथे अडतं. पुढे पाण्याच्या वाटेत आडव्या येणाऱ्या एक किंवा दोन उभ्या पाट्या. प्लंबर त्यांना बॅफल म्हणतात. त्यांच्यामुळे आत आलेल्या पाण्याचा जोर मोडतो आणि पाणी सरळ दुसऱ्या टोकाला धाव घेऊ शकत नाही. शेवटी बाहेर जाणारा पाइप. त्याला आतल्या बाजूने वाकवून खाली सोडलेलं असतं, त्यामुळे त्याचं तोंड पाण्याच्या पृष्ठभागापासून बरंच खाली उघडतं.

सगळी युक्ती या शेवटच्या पाइपात आहे. पेटी कायम पाण्याने भरलेली राहते. नवीन पाणी आत आलं की तेवढंच जुनं पाणी बाहेर पडतं, पण ते वरून न सांडता खालच्या थरातून जातं. तेल हलकं असल्यामुळे वर तरंगतं. जड गाळ तळाशी बसतो. मधलं पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ, आणि बाहेरच्या पाइपाच्या वाट्याला तेवढंच येतं. यात ना मोटर, ना वीज, ना औषध. वजनातला फरक आणि थोडा वेळ, यांवर हे सगळं चालतं. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, तर एक लिटर शेंगदाण्याच्या तेलाचं साधारण ९१० ग्रॅम. दहा टक्क्यांहूनही कमी फरक, पण तेल वर यायला तो पुरतो.

पुरतो, पण वेळ दिला तरच. आणि किती वेळ लागेल हे थेंबाच्या आकारावर ठरतं. जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये याचा नियम मांडला. थेंब वर चढण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास दहापट लहान झाला की वेग शंभरपट कमी होतो. आकड्यांत बघू. ०.१५ मिलिमीटर व्यासाचा तेलाचा थेंब स्थिर पाण्यात सेकंदाला साधारण एक मिलिमीटर वर चढतो. ३० सेंटिमीटर खोलीतून वर यायला त्याला चार-पाच मिनिटं लागतात. तोच थेंब साबणाने आणि घासण्याने फुटून ०.०१५ मिलिमीटरचा झाला, तर त्याच ३० सेंटिमीटरसाठी सात तासांच्या वर लागतात. भांडी घासण्याच्या गर्दीत सात तास थांबायला पाण्याला कोण देणार?

हे घरी बघता येतं. एका बाटलीत पाणी आणि चमचाभर तेल घाला, हलवा, खाली ठेवा. थोड्याच वेळात तेल वर येऊन वेगळा थर दिसेल. आता त्याच बाटलीत भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका आणि पुन्हा जोरात हलवा. पाणी दुधी होईल आणि बराच वेळ तसंच राहील. तेल कुठेच गेलेलं नसतं, इतक्या बारीक कणांत विखुरलेलं असतं की वर येऊ शकत नाही. मोरीवर नेमकं हेच होतं. म्हणून साबण जितका जास्त आणि पाणी जितकं गरम, तितकं तेल ट्रॅपला चुकवून पुढे निसटतं. पुढे पाइपात गेल्यावर पाणी थंड होतं, साबण विरळ होतो, कण पुन्हा एकत्र येतात आणि चेंबरच्या भिंतीला चिकटतात.

आपल्या स्वयंपाकातल्या स्निग्ध पदार्थांचाही यात हात आहे. शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं तेल आपल्या हवेत कधी गोठत नाही. तूप आणि वनस्पती तूप मात्र तीस-पस्तीस अंशांच्या आसपास घट्ट होतात. खोबरेल पंचविशीच्या खाली गोठतं. मटणाची चरबी तर त्याहून आधी. सामोसे, खारी, मिठाई करणाऱ्या किचनची पेटी आणि नुसत्या तेलात स्वयंपाक होणाऱ्या खानावळीची पेटी एकाच वेगाने भरत नाहीत, आणि वरचा थरही सारखा दिसत नाही. एकीकडे पिवळट पातळ तवंग, दुसरीकडे पांढुरका, पाय ठेवला तर मोडेल की नाही अशी शंका यावी इतका घट्ट पापुद्रा.

पेटी भरते म्हणजे काय होतं

पेटी तर कायम भरलेलीच असते, मग ती 'भरली' हे कळायचं कसं? पाण्याची पातळी तीच राहते. वरून तेलाचा थर जाड होत खाली सरकतो आणि तळाचा गाळ वर चढतो. दोघांच्या मधली पाण्याची जागा रोज थोडी-थोडी आवळत जाते.

तीनशे लिटरच्या पेटीत मिनिटाला तीस लिटर पाणी येत असेल, तर एकेका लिटरला आत दहा मिनिटं मिळतात. वरचा थर आणि खालचा गाळ यांनी मिळून निम्मी जागा खाल्ली की पाच मिनिटंच उरतात. शिवाय अरुंद जागेतून जाताना पाणी जास्त वेगाने जातं, वरच्या थराचा खालचा भाग खरवडून नेतं आणि गाळही ढवळतं. त्या अवस्थेत पेटीतून बाहेर पडणारं पाणी आत येणाऱ्यापेक्षाही घाण असू शकतं, कारण नव्या तेलाबरोबर जुनंही निघालेलं असतं.

म्हणून अनेक देशांत एक साधा नियम पाळतात, चतुर्थांशाचा. वरचा थर आणि खालचा गाळ यांची मिळून जाडी पाण्याच्या एकूण खोलीच्या एक चतुर्थांश झाली की पेटी उपसायची. ४० सेंटिमीटर खोल पेटीत तेल सहा आणि गाळ चार सेंटिमीटर झाला, की वेळ झाली. अर्धी भरेपर्यंत थांबायचं नाही. युरोपच्या मानकात तर महिन्यातून निदान एकदा आणि शक्यतो दर पंधरवड्याला पेटी रिकामी करून पुन्हा स्वच्छ पाण्याने भरा, असं सांगितलं आहे. अमेरिकेतल्या मानकानुसार लहान पेटीने मिनिटाला जितके गॅलन पाणी घ्यायचं, त्याच्या दुप्पट पौंड ग्रीस तिला साठवता आलं पाहिजे. मिनिटाला सुमारे ७५ लिटर पाणी घेणारी पेटी घेतली, तर ती १८ किलो ग्रीस साठवणार. आपल्या वरच्या मिसळीच्या हिशोबात रोज ९०० ग्रॅम आत येतं. १८ किलो व्हायला वीस दिवस पुरतात. म्हणजे 'वर्षातून एकदा दिवाळीआधी साफ करतो' हे उत्तर ऐकलं, की ती पेटी उरलेले अकरा महिने नुसता एक रुंद पाइप म्हणून काम करते आहे हे समजावं.

जाडी मोजायला महागडं काही लागत नाही. दोन्ही तोंडं उघडी असलेली पारदर्शक प्लॅस्टिकची लांब नळी घ्यायची, हळूच तळापर्यंत सरळ घालायची, वरचं तोंड अंगठ्याने घट्ट दाबायचं आणि नळी बाहेर काढायची. आतल्या थरांचा उभा छेद नळीत जसाच्या तसा दिसतो: वर पिवळा-पांढरा, मध्ये राखाडी पाणी, खाली काळा गाळ. पट्टी लावून मोजा आणि मोरीजवळच्या वहीत तारीख घालून लिहा. तीन-चार वेळा मोजलं की आपली पेटी किती दिवसांत चतुर्थांशाला पोचते हे कळतं. मग दुसऱ्या कुणाच्या वेळापत्रकाची गरज राहत नाही. लग्नसराईत आणि सणासुदीला ते दिवस कमी होतील, हेही वहीच सांगेल.

पुढे गेलेल्या तेलाचं काय होतं

पातळ तेल पाइपात दगडासारखं कडक कसं होतं, हे फार लोकांना माहीत नसतं. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनला जोडलेली तीन स्निग्धाम्लं. पुन्हा-पुन्हा तळताना, पाण्याशी संबंध आल्यावर आणि जिवाणूंच्या कामामुळे ही स्निग्धाम्लं सुटी होतात. सुटी झालेली आम्लं पाण्यातल्या किंवा काँक्रीटमधून सुटणाऱ्या कॅल्शियमला धरतात आणि कॅल्शियमचा साबण तयार होतो. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढुरका चिकट थर बसतो, तो हाच पदार्थ. तो पाण्यात विरघळत नाही. चेंबरच्या भिंतीवर त्याचे थर चढत जातात, त्यात केस, कापसाच्या वाती, वाइप्स, प्लॅस्टिकचे तुकडे अडकतात, आणि चार इंची पाइपात दोन इंचाची वाट उरते.

लंडनमध्ये व्हाइटचॅपल भागाच्या खाली सप्टेंबर २०१७ मध्ये असाच एक गोळा सापडला. लांबी सुमारे २५० मीटर, वजन सुमारे १३० टन. तो फोडून काढायला कामगारांना कित्येक आठवडे लागले. त्याचा एक वाळवलेला तुकडा पुढच्या वर्षी लंडनच्या शहर-संग्रहालयात लोकांना बघायला ठेवला होता. व्हिक्टोरियन काळातली रुंद विटांची गटारं जिथे तुंबतात, तिथे आपल्या सोसायटीच्या सहा इंची लाइनीचा काय पाड लागणार?

आपल्याकडे हे दुखणं एका विशिष्ट ठिकाणी फार दिसतं. तळमजल्यावर हॉटेल किंवा स्वीट मार्ट, वर फ्लॅट. दोघांची लाइन एकाच चेंबरला. हॉटेल रात्री बंद होताना सगळी मोठी भांडी घासली जातात, गरम तेलकट पाणी लाइनीत जातं, थंड होतं, बसतं. पहाटे वरच्या घरांतून पाणी सुटलं की चेंबर उलटं वाहायला लागतं आणि पहिल्या मजल्यावरच्या बिचाऱ्यांच्या नहाणीतून काळं पाणी वर येतं. सोसायटी चोकअप काढायला माणूस बोलावते, तो लोखंडी पट्टी फिरवून भोक पाडतो, पैसे घेतो, जातो. महिन्याने पुन्हा तेच. भोक पडतं, थर राहतो. भांडण वरचे आणि खालचे यांच्यात लागतं आणि पेटीचं झाकण कुणी उघडून बघत नाही. अशा सोसायट्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: चोकअपच्या बिलांची फाइल वाढवण्याआधी हॉटेलच्या ट्रॅपची वही मागा. ती नसेल, तर सुरुवात तिथून करा.

ज्या संकुलांमध्ये स्वतःचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे, तिथे तेल आणखी वेगळा त्रास देतं. त्या टाक्यांमध्ये घाण खाण्याचं काम जिवाणू करतात. त्यांच्या पुंजक्यांवर तेलाचा लेप बसला की त्यांना प्राणवायू नीट मिळत नाही, पुंजके खाली बसण्याऐवजी तरंगायला लागतात आणि फेस-दुर्गंधी सुरू होते.

कायद्यातला आकडाही लक्षात ठेवण्यासारखा आहे. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ मधल्या सर्वसाधारण मानकांनुसार सार्वजनिक गटारात सोडायच्या सांडपाण्यात तेल आणि ग्रीस लिटरला २० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, नदी-नाल्यांत सोडायचं असेल तर १० मिलिग्रॅम. याचा अर्थ असा की चहाचा एक चमचा तेल, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम, २० च्या मर्यादेत बसवायला सव्वादोनशे लिटर पाणी लागेल. एका चमच्याला एवढं. 'भरपूर पाणी सोडलं की जातं वाहून' हा भ्रम या एका हिशोबाने जावा.

वास, आणि वासापेक्षा घातक

न उपसलेल्या पेटीत तळाशी भात, डाळ, पीठ आंबत असतं. वर तेलाचं झाकण असल्यामुळे हवा आत जात नाही. आंबण्यातून आम्लं तयार होतात, पाणी आंबट होत जातं, स्टीलची पेटी आतून गंजते, सिमेंटचा गिलावा भुगा होतो. हवेविना जगणारे जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. सडक्या अंड्यांचा वास तो हाच.

हा वायू थोडा असतो तेव्हा नाकाला झोंबतो. हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास गेला, की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, झाकण उघडून ठेवलं म्हणून वास गेला. तो खाली उतरतो. पाचशे-सातशे भागांवर गेलेला वायू माणसाला काही मिनिटांत पाडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही बहुधा तिथेच पडतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे खड्ड्याच्या तळाशी साचून राहतो आणि गाळ ढवळला की एकदम उसळून वर येतो.

म्हणून जमिनीखालच्या पेटीत माणूस उतरवायचा नाही. यात दुसरं मत असू नये. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गटारं आणि सेप्टिक टँकची धोकादायक सफाई करवून घेणं गुन्हा ठरवलं आहे. गटारात मृत्यू झालेल्याच्या कुटुंबाला द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ३० लाख रुपये केली. ग्रीस ट्रॅपच्या खड्ड्यातला वायू गटारातल्या वायूपेक्षा वेगळा नाही. 'फक्त तेलाचीच तर टाकी आहे' म्हणून कामावरच्या पोराला आत उतरायला सांगणारा मालक त्याच्या जिवाशी खेळतो. मोठी पेटी वरूनच, सक्शन गाडीच्या पाइपने उपसायची. बेसिनखालची छोटी पेटी हाताने साफ करता येते, कारण तिच्यात उतरावं लागत नाही. तरीही हातमोजे, तोंडाला मास्क आणि उघडी खिडकी हवीच.

उपसायचं कसं

छोटी पेटी रात्री काम संपल्यावर उघडू नये. पाणी अजून कोमट असतं, तेल पातळ असतं आणि थर काढताना निम्मा पुन्हा पाण्यात मिसळतो. सकाळी, मोरी सुरू व्हायच्या आधी उघडलेली बरी. रात्रभरात तेल वर येऊन घट्ट झालेलं असतं.

झाकणाचे नट सोडले की आधी जाळीचं भांडं उचलायचं. त्यात साधारण काय असतं? कोथिंबिरीचे देठ, कढीपत्ता, फुगलेला भात, कांद्याच्या पाती, आणि दर वेळी निदान एक चमचा. खरकटं ओल्या कचऱ्यात जातं. मग सपाट झाऱ्याने वरचा थर काठाकडून मध्ये ओढत उचलायचा, थेट झाकणवाल्या डब्यात. थर निघाल्यावर खालचं राखाडी पाणी दिसतं. ते बादलीने काढायचं आणि वेगळं ठेवायचं, लगेच मोरीत ओतायचं नाही, नाहीतर ते पेटीला चुकवून पुढे जाईल. तळाचा गाळ पत्र्याच्या सुपडीने. यानंतर जे बहुतेक लोक करत नाहीत ते: भिंती, बॅफलच्या दोन्ही बाजू आणि बाहेरच्या पाइपाचं आतलं तोंड खरवडायचं. तिथेच टणक पापुद्रा धरतो आणि पाइपाचं तोंड लहान होत जातं. खरवडायला लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी घ्यावी. साबण घालून धुवायचं नाही, नुसतं पाणी.

बॅफल होते त्याच खाचेत बसले का, झाकणाचं रबर फाटलंय का, हे बघून झाल्यावर पेटी बाहेरच्या पाइपाच्या पातळीपर्यंत स्वच्छ थंड पाण्याने भरायची. ही पायरी चुकली तर पुढचं सगळं फुकट. रिकामी पेटी चालू केली, तर पहिलं तेलकट पाणी तळाशी पडतं, आणि बाहेरच्या पाइपाचं तोंड तळाजवळच उघडत असल्यामुळे पाण्याची पातळी वर चढताना तेल सरळ त्या तोंडात शिरतं.

काढलेलं ग्रीस कुठे जातं, हेही विचारलं पाहिजे. सक्शन गाडीवाला पुढच्या वळणावरच्या नाल्यात रिकामी करणार असेल, तर आपण फक्त घाणीची जागा बदलली. ते शुद्धीकरण केंद्रात किंवा बायोगॅस प्रकल्पात जायला हवं. स्निग्ध पदार्थांतून बायोगॅस चांगला निघतो, त्यामुळे ते वाया जाणारं नाही. गाडी कुठे रिकामी होते याची पावती घ्या.

झटपट उपायांबद्दल

उकळतं पाणी ओतलं की मोरी मोकळी झाल्यासारखी वाटते. तेल वितळून पुढे सरकलेलं असतं, थोड्या अंतरावर पुन्हा गोठायला. कॉस्टिक सोडा टाकला की तेलाचा साबण होतो, तो वाहतो, आणि पुढे कॅल्शियम भेटलं की वर सांगितलेला दगडी थर बनतो. शिवाय कॉस्टिकने हात भाजतात, डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते.

जिवाणू आणि एन्झाइमच्या पावडरींबद्दल मत देताना जरा जपून बोललं पाहिजे. जिवाणू तेल खाऊ शकतात, हे खरं आहे. पण त्यांना त्यासाठी तासन्‌तास लागतात आणि पेटीत पाणी मिनिटं थांबतं. एन्झाइम तेल तोडून पातळ करतात, आणि पातळ झालेलं तेल पेटीत थांबत नाही. परदेशातल्या अनेक नगरपालिका म्हणूनच उपसण्याला पर्याय म्हणून अशा वस्तू चालवून घेत नाहीत. वास कमी व्हायला त्यांचा उपयोग होत असेल तर जरूर वापरा, उपसण्याची तारीख मात्र त्यामुळे पुढे ढकलू नका.

खरा फरक पडतो तो मोरीच्या अलीकडे. ताटली पाण्याखाली धरण्याआधी खरकटं रबरी पट्टीने डब्यात ओढलं आणि तेलकट कढई जुन्या कागदाने पुसली, तर पेटीत जाणारं तेल आणि गाळ दोन्ही चांगलेच घटतात. तूप कढवल्यावर बेरीच्या पातेल्यात गरम भात कालवून खायची आपल्या घरांतली पद्धत या दृष्टीनेही शहाणपणाची आहे. पातेलं मोरीत जातं तेव्हा त्यात धुण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. घरगुती मोरीला ग्रीस ट्रॅपची गरज सहसा पडत नाही, त्यात अशा सवयींचाही वाटा आहे.

आणि तळणीचं तेल? ते पेटीत कधीच ओतायचं नाही. १८ किलो साठवणारी पेटी तळणीच्या एका डब्यात जवळपास भरून जाते. खाद्यतेलातल्या ध्रुवीय संयुगांचं, म्हणजे पुन्हा-पुन्हा तळून तेल खराब होताना त्यात तयार होणाऱ्या पदार्थांचं, प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याची रुको नावाची मोहीम सुरू केली. नोंदणीकृत संकलक असं तेल पैसे देऊन घेऊन जातात. ट्रॅपमधल्या आंबलेल्या ग्रीसला मात्र अशी किंमत येत नाही. पैसे देणारा पदार्थ मोरीत ओतून, मग तो उपसायला स्वतः पैसे मोजायचे, हा व्यवहार कुठल्याच हॉटेलवाल्याने करू नये.

नवीन किचन बांधत असाल, तर पेटीची जागा आराखड्यातच ठरवा, फरशी बसल्यावर नको. संडासाची आणि पावसाच्या पाण्याची लाइन तिच्यात अजिबात येऊ देऊ नका. भांडी धुण्याचं मशिन असेल, तर त्याच्या कढत पाण्याची लाइन छोट्या पेटीतून न्यायची नाही. आकार बेसिनवरून काढता येतो. ६० बाय ४५ बाय ३० सेंटिमीटरचं बेसिन ८१ लिटरचं, भांडी बुडवून ते पाऊण भरतं म्हणजे साठ लिटर, आणि एका मिनिटात रिकामं होतं असं धरलं तर पेटीने मिनिटाला साठ लिटर पाणी झेललं पाहिजे. अशी दोन बेसिनं एकदम सुटत असतील तर एकशेवीस. झाकणावर फ्रीज, पिठाची पोती, सिलेंडर येणार नाहीत अशी जागा बघा, कारण झाकण उघडायला अर्धा तास सामान हलवावं लागलं की ते उघडलं जात नाही. बाहेरची पेटी असेल तर सक्शन गाडीचा पाइप किचनमधून न नेता तिथपर्यंत पोचला पाहिजे. आणि पेटीजवळ पाण्याचा एक नळ काढून ठेवा, उपसून झाल्यावर ती लगेच भरता येईल असा.